जुन्या गाडीचे इंजिन कोड घरी कसे वाचावेत आणि कसे पडताळावेत

एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या, गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) चाबी फिरवल्यापासून आपल्या तारा तपासत असतो. एखाद्या तारेवरचं व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की तो एक आकडा, म्हणजे कोड, लिहून ठेवतो आणि डॅशबोर्डच्या मीटरमधला पिवळा इंजिनचा दिवा लावतो. हा आकडा वाचायला जुन्या गाडीत कित्येकदा वायरचा एक तुकडा पुरतो. पण आकडा तारेचा असतो, पार्टचा नसतो. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, सेन्सरचा कोड आला, सेन्सर नवा घातला, पैसे गेले आणि दिवा तसाच जळत राहिला, असं हमखास होतं, कारण तुटलेली असते ती कपलरमागची (तारा जोडणाऱ्या प्लगमागची) वायर. म्हणून खाली कोड वाचण्यापेक्षा पडताळण्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

हे सगळं पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांसाठी आहे. कार्बुरेटरच्या ८०० मध्ये किंवा जुन्या ओम्नीत विचारायला ईसीयूच नाही.

आधी गाडीचं वय बघा

भारतात बीएस-४ (धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याच्या पद्धतीचा, पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पण २०१० साली बीएस-४ फक्त मोठ्या १३ शहरांत आलं. त्या यादीत पुणे, मुंबई, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. देशभर बीएस-४ झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्यामुळे २०११ ची एमएच ३१ पासिंगची, म्हणजे नागपूरची, गाडी बीएस-३ असू शकते, आणि त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची पुण्याची गाडी बीएस-४. पुण्याच्या मित्राच्या गाडीला चालणारा डोंगल (कोड वाचणारं छोटं यंत्र) आपल्या गाडीला चालेलच असं धरून चालू नका. आरसी बुकात उत्सर्जनाचा टप्पा लिहिलेला असेल तर तो आधी वाचा.

ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. २००० च्या आसपासच्या गाड्या दिवा लुकलुकवून कोड देतात. मधल्या काळातल्या काही गाड्यांना १६ पिनांचा कपलर असतो, पण भाषा कंपनीची स्वतःची असते. त्यानंतरच्या गाड्या साध्या ब्लूटूथ डोंगलशी बोलतात.

सामान

एक डिजिटल मल्टिमीटर, नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा साधासुद्धा चालतो, फक्त २० व्होल्टची डीसी रेंज आणि २०० ओहम ते २० किलोओहमची रेंज हवी. दीडेक फूट वायर, दोन्ही टोकांना बारीक पिना आणि मध्ये १ अँपिअरचा फ्यूज. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा. बल्बवाला टेस्ट लॅम्प घरी असला तरी ईसीयूच्या तारांना लावू नका. तो जेवढा करंट ओढतो तेवढा ईसीयूच्या आतल्या ट्रान्झिस्टरला झेपत नाही. आणि फोन, कारण लुकलुक मोजताना चूक होतेच. व्हिडिओ काढून ठेवला की नंतर सावकाश मोजता येते.

काम सकाळी करा. उन्हाची अडचण आहेच, पण खरं कारण वेगळं आहे: रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत सेन्सरची जी चाचणी फुकट होते ती दुपारी होत नाही. ती पुढे येईलच.

दिव्याचीच परीक्षा

चाबी ऑन करा, स्टार्ट करू नका. इंजिनचा दिवा लागायलाच हवा. इंजिन सुरू झालं की तो विझायला हवा. चाबी ऑन करूनही लागत नसेल तर बल्ब उडालाय, किंवा कुणीतरी काढलाय. सेकंडहँड गाडी घेताना हे पहिलं बघायचं. याहून बेरकी युक्ती म्हणजे इंजिनच्या दिव्याची तार ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून देणं. मग दोन्ही दिवे एकदम लागतात आणि एकदम विझतात, जणू सगळं ठीक आहे. दोन्ही दिवे अगदी एकाच क्षणी विझत असतील तर मीटर उघडून मागची वायरिंग बघा.

बॅटरी आणि अर्थिंग

कोड वाचण्याआधी पाच मिनिटं इथे द्या, नाहीतर खोटे कोड घेऊन बसाल. उभ्या गाडीत बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली नाही, इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या इंजिनवर चार्जिंग १३.५ पर्यंत उतरलेलं दिसलं तर घाबरू नका, गरम झालेला रेग्युलेटर मुद्दाम कमी व्होल्टेज देतो.

मग अर्थिंग. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टोकावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ च्या वर गेलं की अर्थची पट्टी काढून घासून पुन्हा आवळा. तीच मोजणी बॉडीवर करा. एकाच वेळी तीन-चार सेन्सरांचे कोड आले असतील तर त्यातला एकही सेन्सर खराब नसण्याची शक्यता मोठी. सगळ्यांची अर्थिंगची तार एकच असते, आणि तीच सुटलेली असते.

लुकलुकणारे कोड

जुन्या मारुतींपैकी बऱ्याच मॉडेलांत एक छोटा मॉनिटर कपलर असतो, काहींत बॅटरीजवळ, काहींत डॅशबोर्डखाली. त्यातलं डायग्नोसिस टर्मिनल अर्थच्या टर्मिनलला जोडायचं. कोणतं टर्मिनल कोणतं हे मॉडेलनुसार बदलतं, आणि वर्कशॉप मॅन्युअल बघितल्याशिवाय जोडू नका. अर्थ ओळखणं सोपं आहे: मीटर ओहमवर ठेवून टर्मिनल आणि बॅटरीच्या मायनसमध्ये १ ओहमच्या आत आलं की तो अर्थ. अंदाजाने जोडाजोड करणाऱ्यांसाठीच वायरमध्ये १ अँपिअरचा फ्यूज सांगितला आहे. ईसीयूपेक्षा फ्यूज स्वस्त.

क्रम असा: चाबी बंद, वायर जोडा, चाबी ऑन, स्टार्ट नाही, आणि डॅशबोर्डवरच्या इंजिनच्या दिव्याकडे बघा. आधी दशक लुकलुकतं, मग सुमारे एक सेकंद थांबून एकक. एक लुकलुक, थांबा, मग चार लुकलुक, म्हणजे १४. प्रत्येक कोड तीनदा येतो, मग सुमारे तीन सेकंदांनी पुढचा. १२ हा कोड म्हणजे तक्रार नाही. १२ सुद्धा येत नसेल तर सेल्फ-टेस्ट सुरूच झालेली नाही. वायर चुकीच्या जागी आहे, किंवा ईसीयूला वीज मिळत नाही.

सुझुकीच्या या पिढीतले नेहमीचे कोड:

१३ – ऑक्सिजन सेन्सर
१४, १५ – कूलंट तापमान
२१, २२ – थ्रॉटल पोझिशन, म्हणजे पेडलने हवेची झडप किती उघडली
२३, २५ – आत येणाऱ्या हवेचं तापमान
२४ – स्पीड सेन्सर
३१, ३२ – मॅप, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब
४२ – कॅम किंवा क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणारा

१९९८ ते २००३ च्या होंडा सिटीच्या पिढीत दोन पिनांचा वेगळा सर्व्हिस कपलर असतो, बहुधा डाव्या सीटसमोर ग्लोव्ह बॉक्सखाली. दोनच पिना, त्यामुळे चूक व्हायला जागा नाही. तिथे लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. १ ऑक्सिजन सेन्सर, ३ मॅप, ४ क्रँक, ६ कूलंट, ७ थ्रॉटल, १० हवेचं तापमान, १४ आयडल व्हॉल्व्ह, १७ स्पीड सेन्सर. मारुतीचा १४ आणि होंडाचा १४ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे विसरून बरेच जण भलताच पार्ट घेऊन येतात.

कोड कागदावर लिहून होईपर्यंत बॅटरीला हात लावू नका. बॅटरी काढली की पुरावा गेला.

कोड उलटवून बघा

मारुतीत कूलंटला दोन कोड का आहेत? १४ म्हणजे ईसीयूला तापमान अशक्य इतकं कमी दिसतंय, म्हणजे सर्किट तुटलेलं आहे. १५ म्हणजे अशक्य इतकं जास्त दिसतंय, म्हणजे सर्किट कुठेतरी अर्थला लागलं आहे. हवेच्या सेन्सरचे २३ आणि २५ यांचंही तसंच. या दोन तारांच्या सेन्सरात तापमान वाढलं की रेझिस्टन्स उतरतो, बाकी काही नाही. याचा फायदा घ्या.

१४ आला असेल तर चाबी बंद करून सेन्सरचा कपलर काढा आणि हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) बाजूच्या दोन टर्मिनलांत वायरचा तुकडा घाला. जुना कोड पुसून (कसा ते शेवटी आहे) पुन्हा टेस्ट घ्या. आता १५ आला तर तारा आणि ईसीयू दोन्ही शाबूत आहेत, सेन्सर बदला. तरीही १४ च आला तर वायर तुटली आहे, सेन्सरला दोष देऊ नका. १५ आला असेल तर उलट: कपलर नुसता काढून ठेवा. १४ झाला तर सेन्सर खराब, १५ कायम राहिला तर तार कुठेतरी बॉडीला घासते आहे. ही युक्ती फक्त दोन तारांच्या तापमान सेन्सरांवर करा. थ्रॉटल आणि मॅप सेन्सरच्या तीन तारांपैकी एकीत ५ व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे वायर घालू नका.

सेन्सर काढून मोजायचा असेल तर २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास मिळायला हवेत. पातेल्यात पाणी तापवून हे घरीच मोजता येतं. कूलंटचं सर्किट तुटलेलं असलं की बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा थंड इंजिनवरही फिरत राहतो. पंखा थांबत नाही म्हणून थर्मोस्टॅट बदलायला निघालेल्या माणसाने आधी कोड वाचावा.

थ्रॉटल सेन्सर वेगळ्या रीतीने तपासतात. चाबी ऑन, सिग्नलच्या तारेवर मीटर, आणि पेडल हळूहळू दाबा. बंद असताना अर्ध्या ते एक व्होल्टच्या दरम्यान, पूर्ण उघडल्यावर साडेतीन ते साडेचार. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच झटका बसून शून्याकडे गेला तर आतली कार्बनची पट्टी झिजली आहे. नेहमीच्या वेगाला पाय जिथे असतो तिथेच ती झिजते, त्यामुळे गाडी त्याच एका जागेवर झटके देते.

१६ पिनांचा कपलर

स्टीअरिंगखाली असतो, आकार एका बाजूला निमुळता. कपलर १६ पिनांचा आहे म्हणजे गाडी ओबीडी-२ आहे असं नाही. टॉर्च मारून बघा कोणत्या खाचांत पितळ आहे. ४ आणि ५ अर्थ, १६ वर बॅटरीचे १२ व्होल्ट चाबी बंद असतानाही हवेत. १६ वर वीज नसेल तर डोंगलचा दिवाच लागत नाही. हॉर्न, सिगारेट लायटर, आतला दिवा यांच्यातला कोणता फ्यूज सामायिक आहे ते बघा.

७ मध्ये पिन असेल तर गाडी के-लाइनवर, म्हणजे एका तारेच्या जुन्या भाषेत, बोलते. चाबी ऑन असताना तिथे जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज दिसतं. ६ आणि १४ भरलेल्या असतील तर कॅन, म्हणजे दोन तारांची नवी भाषा. चाबी बंद करून त्या दोघींत मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर सुटला आहे. ६, ७, १४ तिन्ही आणि २, १० रिकाम्या असतील तर बाजारातला कुठलाच साधा डोंगल काही वाचणार नाही. कंपनीचा स्कॅनर असलेल्या गॅरेजात जा.

स्वस्त ईएलएम३२७ डोंगलबद्दल एक सांगायला हवं. नक्कल केलेल्या चिपवर आवृत्ती २.१ लिहिलेली असते आणि त्यातल्या पुष्कळांत जुन्या प्रोटोकॉलचा (गाडीशी बोलायच्या भाषेचा) भाग गाळलेला असतो. नव्या कॅन गाडीला तो छान चालतो, २००८ च्या के-लाइन गाडीला नाही. जुन्या गाडीसाठी घेत असाल तर त्या गाडीवर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. ॲपमध्ये प्रोटोकॉल आपोआपवर न ठेवता आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी (दोन्ही के-लाइनचे) निवडून बघा, आणि जोडणीला काही सेकंद द्या. आणि काम झालं की डोंगल काढून घ्या. तो चाबी बंद असतानाही वीज ओढतो, आठवडाभर उभी राहणारी गाडी मग धक्का मारूनच सुरू होते.

चालू आकडे

डोंगल बोलू लागला की कोडपेक्षा लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरांचे त्या क्षणाचे आकडे, जास्त कामाचा. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, स्टार्ट करण्याआधी कूलंट आणि हवेचं तापमान शेजारी ठेवा. दोन्ही एकमेकांच्या पाचेक अंशांत हवेत. उणे ४० अंश म्हणजे सर्किट तुटलं, थंड इंजिनवर १२० च्या वर म्हणजे शॉर्ट. गंमत अशी की थोडा चुकणारा सेन्सर कोड देतच नाही. सकाळी हवा २९ आणि कूलंट १२ दाखवत असेल तर ईसीयूला त्यात अशक्य काही वाटत नाही. तो पेट्रोल मात्र जास्त टाकत राहतो, आणि ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार वर्षभर चालते.

मॅप सेन्सर: चाबी ऑन, इंजिन बंद. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९७–९८ किलोपास्कल दिसायला हवेत. मुंबईच्या व्हिडिओत १०१ दिसले म्हणून आपला सेन्सर खराब ठरत नाही. गरम इंजिन, आयडलिंग, एसी बंद असताना २५ ते ४० च्या दरम्यान. ४५ च्या वर असेल तर कुठूनतरी हवा ओढली जाते आहे, किंवा व्हॉल्व्ह-टायमिंगची गडबड आहे.

ऑक्सिजन सेन्सर इंजिन तापल्यावर २,००० ते २,५०० आरपीएमला ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. ०.४५ वर चिकटून बसला म्हणजे सर्किट तुटलं किंवा सेन्सर मेला. सतत ०.१ म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इथे लगेच सेन्सर बदलू नका, तो बहुधा खरंच बोलतोय. फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली भर किंवा कपात) अधिक १५-२० टक्के असेल आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर व्हॅक्यूमचा पाइप तडकला आहे. रेस दिल्यावर वाढत असेल तर फिल्टर चोंदलाय किंवा पंप दमलाय.

एलपीजी किट असेल तर सगळे आकडे पेट्रोलवर घ्या. गॅसवर इंजेक्टर बंद ठेवण्यासाठी किटमध्ये जो एम्युलेटर असतो तो ईसीयूला बनावट सिग्नल देतो. खराब झाला की तोच कोड लावतो.

नवतपातली बंद पडणारी गाडी

मे महिन्याच्या दुपारी सिग्नलवर गाडी अचानक बंद, स्टार्टर फिरतो पण पकडत नाही, आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. यात पहिला संशय क्रँक सेन्सरवर घ्या. आतल्या तारेच्या वेटोळ्याला सूक्ष्म तडा गेलेला असतो, तापल्यावर तो उघडतो, थंड झाल्यावर मिटतो. कोड मारुतीत ४२, ओबीडीत पी०३३५, पण तो दर वेळी लिहिला जातोच असं नाही.

गाडी बंद पडल्याबरोबर डोंगलवर आरपीएम बघत स्टार्टर फिरवा. स्टार्टर फिरतोय आणि आरपीएम शून्य, म्हणजे सिग्नल येत नाही. दोन तारांचा सेन्सर असेल तर गरम असतानाच ओहम मोजा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. गरम असताना अनंत आणि थंड असताना काहीशे ओहम, मग दुसरा पुरावा नको. सेन्सरवर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटांत गाडी सुरू होते का तेही बघता येतं. पट्टे आणि पंख्यापासून हात लांब ठेवा. आरपीएम दिसत असूनही पकडत नसेल तर फ्युएल पंपाचा रिले तापून सुटतोय का बघा, शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून.

उन्हात वर्षानुवर्षं भाजलेल्या कपलरची लॉकं ठिसूळ होतात. इंजिन थंड झाल्यावरच दाबा, आणि लॉक तुटलंच तर प्लास्टिकची टाय लावून भागवा. वायरीसकट मिळणारे कपलर घाट रोडच्या स्पेअर्सवाल्यांकडे विचारा. वायर जोडताना नुसती पिळून टेप लावू नका, सोल्डर करून हीट-श्रिंक चढवा, नाहीतर पहिल्या पावसात हिरवा गंज धरतो. पावसाळ्यात कोड आपोआप येतो-जातो असं असेल तर उंदरांनीही हात मारलेला असू शकतो. इंजिन आयडलिंगवर ठेवून एकेक कपलर आणि हार्नेस हलवत जा, आवाज बदलला की तिथे थांबा.

कोड नाही, पण गाडी बरी नाही

१२ आला म्हणजे इंजिन निरोगी असं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या जुन्या गाड्यांत मिसिंग (एखादा सिलिंडर न पेटणं) ओळखायची सोयच नाही, प्लग मेला तरी दिवा लागत नाही. पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशन, टायमिंग बेल्ट एक दात सरकलेला, हे ईसीयूला दिसत नाही. पीयूसीची पावती इथे कामाची आहे: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मागच्या वेळेपेक्षा बराच वाढला असेल तर मिश्रण घट्ट झालंय, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय, कोड असो वा नसो.

पुसणं आणि पुन्हा बघणं

डोंगल असेल तर त्यावरून पुसा. नसेल तर बॅटरीची मायनस वायर किमान एक मिनिट काढून ठेवा, होंडात बॅकअपचा फ्यूज १० सेकंद पुरतो. मायनस काढण्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का बघा. त्यानंतर आयडलिंग थोडा वेळ वरखाली होईल, एसी बंद ठेवून १०-१५ मिनिटं तसंच चालू द्या, ईसीयू पुन्हा शिकतो.

मग गाडी फिरवा. सीताबर्डीच्या गर्दीत २० मिनिटं थांबत-चालत, आणि वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत ६०-७० च्या एकसारख्या वेगाने. स्पीड सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सरचे कोड उभ्या गाडीत परत येत नाहीत, त्यांना रस्ताच लागतो. ओबीडी-२ मध्ये बरेच कोड सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्यावरच दिवा लावतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर ॲपमधले प्रलंबित (पेंडिंग) कोड उघडून बघा. दोष गेला असेल तर दिवा सलग तीन चांगल्या फेऱ्यांनंतर आपोआप विझतो, आतला कोड मात्र इंजिन ४० वेळा गरम होईपर्यंत मेमरीत राहतो.